पितळी भगुनं आणि पोटातलं पाणी : एका शब्दात लपलेले दोन आजार

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्यानं विचारलं, "ताई, पेटची तयारी चालू आहे, पण विषयच सुचत नाही. तुम्हाला तुमचा विषय कुठं सापडला?" खरं सांगायचं तर माझा विषय मला स्वयंपाकघरात सापडला. आजोळच्या. भोकरदन तालुक्यातल्या त्या घरात माळ्यावर एक पितळी भगुनं पालथं पडलेलं असायचं. ते कुणी वापरत नव्हतं आणि मोडीतही काढत नव्हतं.

मी इतिहासाची विद्यार्थिनी, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. खाली उपचारांबद्दल जे येईल ते इतिहास म्हणून वाचा, सल्ला म्हणून नको.

माझ्या आईला दोन भाऊ. थोरला मी पाहिला नाही. तो दीड वर्षाचा असताना गेला. आजी साल सांगत नाही, ती म्हणते, "दुष्काळाच्या आधी चार वर्सं." मराठवाड्यात दुष्काळ म्हटलं की १९७२, म्हणजे साधारण १९६८. (तोंडी इतिहास घेताना ही युक्ती लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका. दुष्काळाच्या आधी की नंतर, पोलिस ॲक्शनच्या आधी की नंतर, असं विचारा.) आजीच्या शब्दांत, "लेकरू किरकिर करायचं, अंग कोमट राह्यचं, मंग पोट टम्म झालं. पोटात पानी झालं म्हनले. दिष्ट लागली माझ्या लेकराला."

धाकटा मामा पन्नाशी ओलांडल्यावर आजारी पडला. दारू. त्याच्याही पोटात पाणी झालं. दर पंधरा दिवसांनी जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जायचं, सुईनं पाणी काढून घ्यायचं, दोन दिवस बरं वाटायचं, की परत पोट ताठ. आणि मामा सगळ्यांना सांगायचा, "दारूचं काही नाही. माझ्या थोरल्या भावालाबी हेच झालं होतं. आमच्या रक्तातच हाय." त्याचा मुलगा हे ऐकत मोठा झाला. आज तो तीस वर्षांचा आहे, थेंबभर पीत नाही, तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून येतो.

एकच शब्द, "पाणी झालं". एकच घर. मग आजारही एकच होता का? माझं संशोधन इथून सुरू झालं.

आधी पाणी येतं कुठून ते बघू. आतडी आणि प्लीहा यांच्याकडचं रक्त पोर्टल शिरेतून यकृताकडे जातं. यकृतातून दर मिनिटाला साधारण दीड लीटर रक्त फिरतं. निरोगी यकृत स्पंजासारखं असतं, रक्त सहज झिरपून पुढं जातं. वर्षानुवर्षं इजा होत राहिली की त्यात व्रणाचे दोर तयार होतात, यकृत गाठाळ आणि कडक होतं. फ्रेंच डॉक्टर लेनेक यानं १८१९ साली या अवस्थेला सिरोसिस असं नाव दिलं. ते पिवळट तपकिरी रंगाच्या ग्रीक शब्दावरून आलं, आणि आजही तेच चालू आहे. कडक यकृतातून रक्त पुढं जाईना, की मागं दाब वाढतो. यकृत अल्ब्युमिन हे प्रथिन बनवतं, ते कमी पडलं की रक्तातलं पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवणारी ओढही कमी होते. दाब आणि ओढ यांचं हे गणित स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १८९६ मध्ये मांडलं.

पण एवढ्यानं पाणी पुन्हा पुन्हा का साठतं हे सुटत नाही. त्याचं उत्तर मूत्रपिंडात आहे. पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिकडे मुरतं, आणि मूत्रपिंडाला वाटतं की शरीरात रक्तच कमी आहे. ते मीठ धरून ठेवायला लागतं, आणि मिठामागे पाणी येतं. श्रायर, अरोयो वगैरे संशोधकांनी ही मांडणी १९८८ साली केली. म्हणजे बघा, रोग यकृताचा, पण पाणी साठवायचा हुकूम मूत्रपिंड देतं, आणि तेही गैरसमजातून.

मामाच्या बाबतीत डॉक्टर "मीठ बंद" म्हणाले तेव्हा मामी वैतागली होती. "पाणी झालंय तर पाणी कमी पाजा, मिठाचं काय?" हिशेब असा आहे. पोटातल्या एक लीटर पाण्यात साधारण साडेसात ग्रॅम मीठ असतं. आपल्याकडे भाकरीबरोबर ठेचा, लोणचं, पापड, वरून कांद्यावर मीठ. दहा ग्रॅम सहज पोटात जातं. आजारी मूत्रपिंड ते बाहेर टाकत नसेल तर रोज लीटरभर पाणी नव्यानं जमणार. सुईनं पाच लीटर काढलं तरी आठवड्यात परत तेवढंच. पाणी काढणं म्हणजे भरलेली बादली उपसणं, नळ चालूच असतो.

आता जुन्या ग्रंथांकडे येते, कारण "आपल्याकडे हे सगळं आधीच होतं" असं म्हणणारा एक तरी परीक्षक तुम्हाला भेटणारच. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला तेरावा अध्याय उदररोगांवर आहे. उदराचे आठ प्रकार दिलेत, त्यातला एक जलोदर. पाणी काढल्यावर रुग्णाला सहा महिने दुधावर ठेवावं, पुढं हळूहळू पेज आणि हलकं धान्य द्यावं, मीठ वर्ज्य करावं, असं तिथं सांगितलंय. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रिया आहे. नाभीच्या खाली, डाव्या बाजूला, मधल्या केसांच्या रेषेपासून चार बोटं सोडून, अंगठ्याच्या जाडीइतकं खोल छिद्र करायचं आणि दोन तोंडांची नळी घालायची. सगळं पाणी एका दिवसात काढू नये, काही दिवसांच्या अंतरानं थोडं थोडं काढावं, मग पोट घट्ट गुंडाळावं. एकदम काढलं तर तहान, ताप, धाप असे उपद्रव होतात.

हे वाचून माझेही हात थरथरले होते. कारण १९८० च्या दशकात बार्सिलोनाच्या जिनेस आणि अरोयो यांच्या गटानं जे दाखवलं त्याची आठवण यातून येते. भरपूर पाणी एकदम काढलं आणि शिरेतून अल्ब्युमिन दिलं नाही, तर रक्ताभिसरण ढासळतं, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून आज पाच लीटरच्या वर पाणी काढलं तर दर लीटरमागे साधारण आठ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. पण गाईडनं मला थांबवलं, आणि ते बरोबर होतं. ग्रीकांच्या हिप्पोक्रॅटिक सूत्रांतही पाणी एकदम वाहून गेलं तर रोगी मरतो असा इशारा आहे. दोन्हीकडे ते निरीक्षण होतं, कारणमीमांसा वेगळी होती. शिवाय ग्रंथातलं जलोदर म्हणजे आजचा सिरोसिस असं सरळ समीकरण मांडता येत नाही. पोटात पाणी क्षयरोगानं होतं, हृदयाच्या आजारानं होतं, कर्करोगानं होतं. ही फोड करायला आज रक्तातलं आणि पोटातल्या पाण्यातलं अल्ब्युमिन मोजून वजाबाकी करतात. फरक १.१ किंवा जास्त आला तर दाब पोर्टल शिरेतला. ही वजाबाकी १९९० च्या दशकात रुळली. सुश्रुताकडे ती नव्हती, आणि माझ्या आजीच्या गावातल्या वैद्याकडेही नव्हती.

तर थोरल्या मामाकडे परत येते.

दीड वर्षाचं मूल दारू पीत नाही. मग त्याच्या यकृताला काय झालं? शोधत गेले तेव्हा कळलं की हा एकट्या आमच्या घरचा प्रश्न नव्हता. १८८७ साली कलकत्त्यात सेन नावाच्या डॉक्टरांनी लहान मुलांमधल्या यकृताच्या सिरोसिसचं वर्णन छापलं. पुढं या आजाराला नावच पडलं, इंडियन चाइल्डहुड सिरोसिस. सहा महिने ते पाच वर्षं वयाची मुलं, जास्त करून एक ते तीन. आधी किरकिर, बारीक ताप, भूक मंदावते. मग यकृत वाढून दगडासारखं लागतं, त्याची कडा धारदार. मग कावीळ, मग पोटात पाणी. पाणी दिसायला लागलं की बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. घरोघरी याला नुसतं "लिव्हर झालं" म्हणायचे. मद्रासच्या जम्मीज लिव्हरक्युअरसारखी औषधं याच भीतीवर देशभर पोचली.

आजार गरिबातल्या गरिबांमध्ये फारसा नव्हता, हे चक्रावणारं होतं. गावाकडची, मध्यम परिस्थितीची, घरी दुभतं असलेली कुटुंबं. एकाच आईची दोन-दोन, तीन-तीन मुलं जायची. साहजिकच कुणी म्हणालं आनुवंशिक, कुणी म्हणालं विषाणू, कुणी म्हणालं कुपोषण.

धागा सापडला तो रंगाच्या थेंबात. १९७८ मध्ये लंडनच्या पोर्टमन, मोवॅट आणि विल्यम्स यांनी दाखवलं की या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांना ओर्सिन हा रंग लावला की विशिष्ट कण उठून दिसतात, आणि ते कण तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे असतात. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये टॅनर आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, त्यात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. आनंद पंडित होते. यकृतातलं तांबं थेट मोजलं. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं, या मुलांत ते कित्येक पट होतं.

तांबं साठण्याचा एक आजार आधीच माहीत होता, विल्सन्स डिसीज, १९१२ पासून. पण त्यात सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन बहुधा कमी असतं. या मुलांत ते कमी नव्हतं. म्हणजे शरीराचा दोष तोच नव्हता. मग इतकं तांबं आलं कुठून?

डॉ. शीला भावे, पंडित आणि टॅनर या पुण्याच्या गटानं तेव्हा जे केलं ते संशोधनाला निघालेल्या प्रत्येकानं शिकावं. ते सूक्ष्मदर्शकावरून उठले आणि आयांना विचारायला लागले की दूध कशात तापवता? १९८३ चा त्यांचा पेपर म्हणतो की लहान वयातच वरचं दूध सुरू होणं, आणि ते दूध पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं असणं, हे कारण असू शकतं. पुढं १९८७ मध्ये आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना त्यांनी छापली. पितळेत तांबं असतं, आणि दुधातलं केसीन तांब्याला धरून ठेवतं. पाण्यात जितकं उतरत नाही तितकं तांबं दूध तापवताना, ते तासन्‌तास भांड्यात राहताना उतरतं.

आजीला मी हे विचारलं तेव्हा ती चुलीकडे हात करून म्हणाली, "वैलावर ठिवायचं दूध, दिसभर. नासू नये म्हनून." आणि वरचं दूध कधी सुरू केलं? "तिसऱ्या महिन्यापासून. मला अंगावर दूध नव्हतं, आन सुगी व्हती." भांडं? तिनं काही न बोलता माळ्याकडे पाहिलं.

इथं कल्हईची गोष्ट यायला हवी. कल्हई हा शोभेचा प्रकार नव्हता. गल्लीत कल्हईवाला यायचा, जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापवून नवसागर मारायचा आणि कथलाचा पातळ थर कापसानं आतून फिरवायचा. तो थर दूध आणि तांबं यांच्यात भिंतीसारखा उभा राहतो. ब्रिटनमधल्या प्रयोगात कल्हई असलेल्या आणि नसलेल्या भांड्यांतल्या दुधाची तुलना झाली तेव्हाही हेच दिसलं. कल्हई घासून घासून जाते, आणि परत करायला पैसे लागतात. दुष्काळाच्या आसपासच्या वर्षांत कोणत्या घरानं कल्हई पुढं ढकलली असेल याची नोंद कुठल्याही दफ्तरात नाही.

दफ्तराचं निघालंच आहे तर एक व्यावहारिक गोष्ट. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधीचं काही शोधायचं तर औरंगाबाद जिल्ह्याखाली बघा, परतूरकडचं असेल तर परभणीखाली, आणि १९४८ च्या आधीचं असेल तर हैदराबाद संस्थानाखाली, म्हणजे उर्दू वाचता यायला हवं. मी दोन महिने चुकीच्या जिल्ह्यात शोधत होते. आणि गावातल्या मृत्यूचं कारण लिहिणारा माणूस डॉक्टर नसायचा, त्यामुळे "ताप" या एका शब्दात शंभर आजार कोंबलेले असतात.

आता उलट बाजू, कारण ती नसेल तर मी प्रचार करते, संशोधन नाही. पितळी भांडी भारतात शतकानुशतकं आणि घरोघर होती, आजारी मुलं मात्र थोडी. मग बाकीच्यांना का नाही झालं? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या काही गावांत नळाच्या पाण्यात तांबं बरंच होतं, तिथल्या मुलांत असे मृत्यू दिसले नाहीत, असा आक्षेप १९९४ मध्ये आला. एन. सी. नायक यांनी आयुष्यभर या आजाराच्या यकृताचे नमुने पाहिले, त्यांचं म्हणणं तांबं हा मूळ घाव नाही, आधीच बिघडलेल्या यकृतात ते नंतर साठतं. शिवाय आयांना चार वर्षांपूर्वीचं भांडं विचारलं, आणि ज्या आईचं मूल गेलंय ती भांड्याबद्दल जास्तच आठवणार. हा स्मृतीचा कल सर्व्हे करणाऱ्या प्रत्येकाला छळतो.

यातलं मला सगळ्यात पटणारं उत्तर ऑस्ट्रियातून येतं. टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अशाच यकृताच्या आजारानं गेली. १९९६ मध्ये म्युलर आणि सहकाऱ्यांनी चर्चच्या नोंदी आणि वंशावळी चाळून हे मांडलं. तिथंही गाईचं दूध, कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी, आणि एकमेकांत सोयरिकी असलेली घरं. त्यांचा निष्कर्ष असा की आनुवंशिक कमजोरी आणि भांडं दोन्ही लागतं. भांडी बदलली आणि आजार गेला, जीन्स तर तेच राहिले. भारतातही स्टील आणि ॲल्युमिनियम आलं आणि १९९० च्या दशकापर्यंत बालरोग विभागांत हा आजार दुर्मीळ झाला. (जालन्याच्या स्टीलला श्रेय देऊ नका. आपल्याकडे सळया होतात, पातेली नाही.) अर्थात त्याच काळात लसी आल्या, बाळंतपणं दवाखान्यात गेली, दूध पिशवीत आलं. आजार जाणं हा पुरावा आहे, पण तो एकट्या भांड्याच्या नावावर लिहिता येत नाही.

उपचाराचं काय? पेनिसिलामीन हे शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध, विल्सन्स डिसीजसाठी १९५६ पासून माहीत होतं. पुण्याच्या गटानं ते या मुलांना दिलं. कावीळ आणि पाणी होण्याआधी आलेल्यांत काही वाचली, पाणी झाल्यावर आलेल्यांत फारसा उपयोग झाला नाही. म्हणजे पोट फुगलेलं दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असायची, आणि आजी तर त्यानंतर तालुक्याला निघाली होती, बैलगाडीनं.

पोटातलं पाणी गावागावात एकदम पसरल्याचीही उदाहरणं आहेत. १९७४ च्या पावसाळ्यानंतर पंचमहाल आणि बांसवाडा भागात भिल्ल वस्त्यांमध्ये कावीळ आणि झपाट्यानं पोटात पाणी अशी साथ आली. ३९७ आजारी, १०६ मृत्यू. कुत्रीही आजारी पडली, आणि तोच सुगावा ठरला, कारण माणूस आणि कुत्रा दोघं खात होते तो एकच पदार्थ, बुरशी लागलेला मका. त्यात अफ्लाटॉक्सिन होतं. आज भोकरदन-जाफ्राबादकडे मक्याचे ढीग पावसात भिजताना बघते तेव्हा हा पेपर आठवतो.

धाकट्या मामाचं प्रकरण साधं होतं, आणि म्हणूनच अवघड. मीठ बंद, स्पायरोनोलॅक्टोन, फ्युरोसेमाइड. सुरुवातीला पोट उतरलं. मग गोळ्या वाढवल्या की क्रिएटिनिन वाढायचं, कमी केल्या की पाणी. पूर्ण मात्रेलाही दाद नाही, किंवा दुष्परिणामांमुळे मात्रा देताच येत नाही, अशा पाण्याला डॉक्टर रिफ्रॅक्टरी म्हणतात. त्याची व्याख्या १९९६ साली आंतरराष्ट्रीय गटानं पक्की केली. इथून पुढं पर्याय थोडे. वारंवार पाणी काढणं, यकृतातून शिरेला शिर जोडणारी नळी, जी निवडक रुग्णांनाच चालते, किंवा प्रत्यारोपण. नळी आणि प्रत्यारोपणाची चर्चा मामापर्यंत पोचली ती फक्त आकड्यांच्या रूपात. त्याच्या बायोप्सीची गरजच पडली नाही, इतकं चित्र स्पष्ट होतं. तांब्याचा काही संबंध नव्हता. तो जन्मला तेव्हा घरात ॲल्युमिनियमचं पातेलं आलेलं होतं, हे आजीनंच सांगितलं. थोरलं गेल्यावर तिनं ते भगुनं पुन्हा चुलीवर ठेवलं नाही. का, तर "मन झालं नाही."

थोरल्या मामाला काय झालं होतं? माझ्या प्रबंधात मी "इंडियन चाइल्डहुड सिरोसिसशी सुसंगत" एवढंच लिहिलंय. वय जुळतं, लक्षणांचा क्रम जुळतो, वरचं दूध जुळतं, भांडं जुळतं. यकृताचा तुकडा नाही, रक्ताचा रिपोर्ट नाही, आणि साठ वर्षांपूर्वीची आठवण आहे. क्षयरोगही असू शकतो. व्हायवाला कुणी विचारलं तर मी हेच सांगणार.

मामेभावाला मात्र हे सगळं कागदावर काढून दाखवलं. दोन भावांना झालेला आजार एकच होता असं म्हणायला काही आधार नाही, आणि त्याच्या वडिलांच्या आजाराला कारण समोर दिसत होतं. त्यानं बराच वेळ कागद बघितला आणि विचारलं, "मग पप्पा खोटं बोलत होते?" मी म्हटलं, त्यांना तसं वाटत असेल. पुढची सोनोग्राफी त्यानं केली की नाही, मी विचारलेलं नाही.

आजीला सांगताना मी भांड्याचं बोलले नाही. कल्हई, दूध, तांबं, हे सगळं तिनं माझ्या प्रश्नांवरून आधीच जुळवलं होतं. ती म्हणाली, "मंग दिष्ट नव्हती." आणि थोड्या वेळानं, "तव्हा कुनी सांगितलं असतं तर कल्हई केली असती. आठ आन्यात व्हायची."

भगुनं आता माझ्याकडे आहे. आतून बघितलं तर काठाशी कथलाचा पांढरट पट्टा अजून दिसतो, बोटभर रुंद. तळाला नाही.